फोनवर आई अगदी ठीक असते

सावली
आईला अल्झायमर असल्याचे निदान होऊन तीन वर्षे झाली. ती ७६ वर्षांची आहे आणि तेव्हापासून माझ्याकडेच राहते. घरात मी, माझे यजमान आणि पंधरा वर्षांचा मुलगा असे आम्ही तिघे आहोत. थोरला भाऊ दूर राहतो आणि दर रविवारी सकाळी न चुकता फोन करतो. त्या दहा मिनिटांत आई जे बोलते ते ऐकून कुणालाही वाटेल की या बाईंना काहीच झालेले नाही. "तू कसा आहेस, मुलं काय म्हणतात, फार दगदग करू नकोस" असे सगळे ती ठसक्यात बोलते, मध्येच हसते, आणि एखाद्या प्रश्नाशी अडली की "ते सगळं ठीक चाललंय रे" म्हणून तो प्रश्न अलगद बाजूला सारते. फोन ठेवला की माझ्याकडे वळून विचारते, "कोण होतं?"

दुपारचे चार वाजले की ती कपाटातले सगळे कपडे बाहेर काढते, पलंगावरची चादर जमिनीवर पसरून त्यात ते एकेक करून घडी घालून ठेवते, चारी टोके आवळून गाठोडे बांधते आणि ते घेऊन दारापाशी बसते. तिला घरी जायचे असते. हेच घर आहे असे सांगितले तर ती चिडते, आणि नाही सांगितले तर तासभर रडते. रात्री तीन-चार वेळा उठून ती दाराची कडी चाचपते. पैशांचे पाकीट स्वतःच उशीच्या अभ्र्यात लपवते आणि मी चोरले म्हणून सगळ्यांना सांगते.

हे भावाला सांगितले की तो म्हणतो, "माझ्याशी तर ती नीट बोलली. तू जरा धीराने घे, तुझा आवाज चढतो म्हणून ती बिथरते." गेल्या महिन्यात एका रात्री तिसऱ्यांदा ती दारापाशी गेली तेव्हा मी तिचे मनगट इतके घट्ट धरले की सकाळी तिथे माझ्या बोटांचे वळ होते. ते कुणी केले, हे तिला आठवत नव्हते. मला आठवते.

माझे विचारणे एवढेच आहे : फोनवर ठीक आणि घरात अशी, हे इतरांच्याही अनुभवाचे आहे का? आणि भांडण न करता भावाला हे कसे दाखवावे?

थोरली
अगदी हाच अनुभव आहे. आमचे बाबा पाहुणे आले की ताठ बसत, वर्तमानपत्र हातात धरत आणि नेमक्या जागी हुंकार भरत. पाहुणे जाताना मला म्हणत, "किती छान आहेत की, तुम्ही उगाच घाबरता." पाहुण्यांची पाठ वळल्यावर बाबा दोन तास निपचित पडून राहत, आणि पुढची रात्र हमखास वाईट जात असे.

आरोग्यमित्र
मी वृद्धांच्या आजारांवर उपचार करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नव्या आठवणी साठवतो तो आधी दुखावतो. कालची नव्हे, दहा मिनिटांपूर्वीची गोष्ट टिकत नाही. परंतु खुशाली विचारण्याची वाक्ये, आवाजातला गोडवा आणि समोरच्याला तोडून न बोलण्याची रीत या गोष्टी साठ-सत्तर वर्षांच्या सवयीने अंगवळणी पडलेल्या असतात आणि आजार बराच पुढे जाईपर्यंत टिकून राहतात. दहा मिनिटांच्या फोनला ताज्या आठवणीची गरजच पडत नाही. शिवाय परक्यासमोर किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसासमोर रुग्ण आपली सगळी ताकद एकवटतो, आणि त्या श्रमाची भरपाई नंतर घरातल्यांना करावी लागते. तुमच्या आईंचे दोन्ही वागणे खरे आहे. भावाला त्यातले एकच दिसते.

दुपारी उशिरा आणि सांजवेळी अस्वस्थता वाढणे हेही या आजारात नेहमी आढळते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा गोंधळ जर दोन-चार दिवसांत एकाएकी वाढला असेल, तर तो आजार पुढे सरकल्याचे धरून गप्प बसू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी कमी होणे, एखादे नवे औषध किंवा सांगता न येणारी वेदना यांतले काहीही कारण असू शकते, आणि ते दूर केले की माणूस पुष्कळसा पूर्वपदावर येतो.

निवांत
ती गाठोडे बांधत असताना मोबाइलवर चित्रण करावे आणि भावाला पाठवावे. पाच मिनिटांत त्याची खात्री पटेल.

पानगळ
निवांत, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. माझ्या चुलतभावाने त्याच्या आईचे असेच चित्रण कुटुंबाच्या समूहावर टाकले. ज्या बाईंनी आयुष्यभर डोक्यावरचा एक केस विस्कटू दिला नव्हता, त्यांना त्या अवस्थेत चाळीस नातेवाइकांनी पाहिले. त्या आज हो-नाही म्हणू शकत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या वतीने नाही म्हणण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आरोग्यमित्र
पानगळ यांच्याशी सहमत आहे, परंतु एक भेद करतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवण्यापुरते छोटे चित्रण फार उपयोगी पडते, कारण तपासणीच्या खोलीतही रुग्ण फोनवर असतो तसाच नीटनेटका वागतो. ते दाखवावे आणि नंतर पुसून टाकावे.

दूरस्थ
मी तो भाऊ होतो, म्हणून थोडे लांब लिहिण्याची परवानगी असावी.

माझी आई धाकट्या बहिणीकडे होती. मीही रविवारी फोन करत असे आणि फोन ठेवताना मला खरोखर हायसे वाटत असे. आज विचार करता वाटते की ते हायसे वाटणे मला हवे होते. आई ठीक आहे असे मानले की माझ्या दूर असण्याला दोष लागत नव्हता, आणि ती ठीक नाही असे मानले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहत होता, की मग तू तिथे काय करतो आहेस? बहिणीने मला लेख पाठवले, डॉक्टरांचे कागद पाठवले, एकदा रडून फोनही केला. प्रत्येक वेळी मी तिला सल्ला दिला. माझ्यासाठी सल्ला देणे ही सगळ्यांत स्वस्त गोष्ट होती.

माझे डोळे उघडले ते बहिणीची शस्त्रक्रिया झाली आणि मला अकरा दिवस एकट्याला राहावे लागले तेव्हा. पहिले दोन दिवस आई माझ्याशी छान वागली आणि बहिणीने किती अतिशयोक्ती केली होती, असे माझ्या मनात आले. तिसऱ्या दिवशी आंघोळीवरून तिने मला चापट मारली. पाचव्या रात्री तिने मला "तुमचे घरचे तुम्हाला न्यायला कधी येणार?" असे विचारले. आठव्या दिवशी मी तिच्यावर इतक्या मोठ्याने ओरडलो की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

म्हणून सावलीताई, भावाला काही समजावून सांगू नका. त्याला बोलवा आणि तुम्ही घराबाहेर जा. किमान चार रात्री. तुम्ही घरात असलात तर तो पाहुणाच राहील.

मात्र एक गोष्ट दुसऱ्या बाजूचीही सांगतो. मी शिकलो तेव्हा बहिणीला माझे काहीच पसंत पडेना. मी गोळ्या दिल्या तर पाणी कमी दिले, कपडे बदलले तर बाह्या उलट्या घातल्या. "राहू दे, तुला जमणार नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की पुन्हा दूर जाणे मला सोपे वाटू लागले.

थोरली
दूरस्थ यांनी मनापासून लिहिले आहे, परंतु घर सोडून जा हा सल्ला जसाच्या तसा कुणी उचलू नये. मी तेच केले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा डोळा लागला, बाबा कडी काढून बाहेर पडले आणि अंधार पडल्यावर एका अनोळखी माणसाने त्यांना परत आणून सोडले. भावाचा दोष नव्हता, कारण कडी वरच्या बाजूला हलवल्याचे मी त्याला सांगितले होते पण ती का हलवली हे सांगितले नव्हते. जे मला तीन वर्षांत अंगवळणी पडले होते ते त्याला तीन वाक्यांत कळावे अशी माझी अपेक्षा होती.

आणि "तुला जमणार नाही" याबद्दल. ते मीही म्हणाले आहे. बारीकसारीक चुकीची किंमत रात्री मलाच मोजावी लागत होती, म्हणून म्हणाले. तरीही ते चुकलेच, हे मान्य करते. बाही उलटी घातल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

माझा आग्रह एका वहीचा आहे. काय घडले ते त्याच वेळी लिहावे आणि त्याला विशेषणे लावू नयेत. "रात्रभर छळ" असे लिहिले की ते तक्रारीसारखे वाचले जाते. "१.१०, २.४०, ४.०५ : दारापाशी" असे लिहिले की कुणाला वाद घालता येत नाही.

अर्धविराम
सगळे जण भावाबद्दल बोलत आहेत. मी मनगटाबद्दल बोलते.

सावलीताई, तुम्ही ते एका परिच्छेदाच्या शेवटी लिहिले आणि लगेच प्रश्नाकडे वळलात. माझ्या यजमानांना चोपन्नाव्या वर्षी मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश झाला. हा प्रकार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि त्यात आधी आठवण जात नाही, स्वभाव जातो. त्यामुळे दोन वर्षे मी त्यांना बेपर्वा आणि निष्ठुर समजत राहिले. एकदा मी त्यांना ढकलले. ते खुर्चीत बसले म्हणून वाचले. त्यानंतर कित्येक दिवस मी न्हाणीघरात नळ सोडून बसत असे, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये.

जे तुमच्या हातून घडले ते वाईटच होते, हे मी गोड करून सांगणार नाही. पण ते दुष्टपणातून घडले नाही, महिनोन्‌महिने तुटक झोपेतून घडले, आणि झोपेची व्यवस्था केली नाही तर ते पुन्हा घडेल. माझ्या डॉक्टरांनी मला एक प्रश्नावली भरायला दिली होती. स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये काळजी घेणाऱ्याचा भार मोजण्यासाठी ती तयार केली. आज सर्वाधिक वापरात असलेल्या रूपात २२ प्रश्न असतात आणि एकूण गुण ८८. माझे ६१ आले. तो आकडा पाहून मला रडू आले, कारण तोवर डॉक्टरांकडे गेल्यावर प्रत्येक कागद यजमानांबद्दलच असे. हा पहिला कागद माझ्याबद्दल होता.

स्थिरबुद्धी
मला वेगळे मत मांडायचे आहे आणि कुणी वाईट वाटून घेऊ नये. आपण लहान असताना आईने आपल्यासाठी किती रात्री जागून काढल्या, त्याचा हिशोब तिने ठेवला नाही. वही, गुण, आकडे हे सगळे वाचून मन खट्टू होते. आईबापांची सेवा हे ओझे मानू लागलो तर कसे व्हायचे?

थोरली
स्थिरबुद्धी, तुमच्या भावनेचा आदर आहे. परंतु लहान मूल रात्री रडते तेव्हा ते सहा महिन्यांनी झोपेल हे आईला ठाऊक असते, आणि उचलून घेतल्यावर ते तिच्या गळ्याला बिलगते. मी बाबांना उठवायला गेले की ते मला चोर समजून लाथ मारत. माझे प्रेम त्या लाथेने कमी झाले नाही, बरगडी मात्र दुखत होती. ओझे म्हटल्याने माया आटत नाही.

अर्धविराम
आणि त्या रात्री कोण जागते, हेही विचारायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगात ५.७ कोटी माणसांना स्मृतिभ्रंश होता, आणि त्यांच्या काळजीसाठी जितके तास दिले जातात त्यांतले ७० टक्के तास स्त्रिया देतात. मुलगी, सून, बायको. "आपण सेवा करावी" या वाक्यातले "आपण" बहुतेक घरांत एकच बाई असते.

स्थिरबुद्धी
हे मी नाकारत नाही. माझ्या घरी माझ्या वडिलांचे सगळे माझ्या पत्नीनेच केले. तिला मी कधी विचारले नव्हते की तिची झोप होते का. आज विचारीन.

मोकळी_पाने
थोडे बाजूला जाते, पण विषय हाच आहे. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ज्या बाईंना तपासले त्या ऑगस्टे डेटर अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या आजाराची पहिली ठळक खूण विसरभोळेपणा नव्हती; आपल्या नवऱ्यावरचा निराधार संशय ही होती. तो नवरा रेल्वेत कारकून होता. घरी निभावेना, तेव्हा त्याने त्यांना रुग्णालयात आणले. १९०६ मध्ये त्या वारल्या, त्याच वर्षी अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांच्या मेंदूची तपासणी मांडली आणि १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. सावलीताई, पाकिटाच्या चोरीचा आळ तुमच्यावर येतो तेव्हा हे आठवून पाहा. या आजाराची पहिली नोंदही, सर्वांत जवळच्या माणसावर आलेल्या आळापासूनच सुरू होते.

निवांत
चित्रणाबद्दल माझे मत बदलले आहे, हे आधी नोंदवतो. पण रात्रीसाठी झोपेची गोळी का देत नाहीत? आमच्या शेजारी देतात आणि आजोबा सकाळपर्यंत शांत झोपतात.

आरोग्यमित्र
कृपया शेजारच्यांची गोळी कुणीही देऊ नये. झोपेच्या गोळ्यांनी वृद्ध माणसे अंधारात पडतात आणि गोंधळ आणखी वाढतो. आक्रमकपणासाठी मनोविकारांवरची काही औषधे दिली जातात, परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात तर त्यांची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. दुसरे काही चालत नसेल तेव्हा कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, देखरेखीखाली ती द्यावी लागतात, हेही खरे आहे. सावलीताईंनी आधी एक साधी गोष्ट तपासावी. आईंना डोनेपेझिल हे अल्झायमरवरचे औषध चालू असेल आणि ते रात्री दिले जात असेल, तर काहींना त्याने झोप लागत नाही किंवा भडक स्वप्ने पडतात. ते सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. दुपारची लांब झोप कमी करणे, दिवसा उजेडात फिरवणे आणि चारच्या आधी घरातले दिवे लावून सावल्या कमी करणे यांनीही पुष्कळ घरांत फरक पडतो.

पानगळ
गाठोड्याबद्दल माझा अनुभव सांगतो. माझे वडील मुद्रितशोधक होते. आजार वाढल्यावर रोज संध्याकाळी त्यांना छापखान्यात जायचे असे. तुम्ही निवृत्त झालात असे मी वर्षभर सांगत राहिलो, आणि ते दररोज नव्याने निवृत्त होत राहिले. तो चेहरा मी विसरणार नाही. मग एके दिवशी मी त्यांच्यासमोर जुनी वर्तमानपत्रे आणि लाल पेन्सिल ठेवली आणि "हा मजकूर आज जायचा आहे" असे म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. ऱ्हस्व-दीर्घाच्या खऱ्या चुका त्यांनी शोधल्या, समासात नेमकी चिन्हे केली. पुढे काही महिन्यांनी त्या खुणा ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत पडू लागल्या, पण पेन्सिल हातात असेपर्यंत ते शांत असत.

सावलीताई, तुमच्या आईंना "हेच घर आहे" असे पटवू नका. त्यांच्याबरोबर घड्या घालायला बसा आणि घरी कोण कोण आहे ते विचारा. त्यांना बहुधा इमारत हवी नसते, तिथली माणसे हवी असतात.

दूरस्थ
हे खोटे बोलणे होत नाही का, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. आता पडत नाही.

मूळ प्रश्नाकडे वळतो. भाऊ येऊन राहू शकत नसेल, तरी दुरून करण्यासारखे बरेच असते आणि ते मागताना मोघम मागू नये. "जरा मदत कर" या वाक्याला माझ्याकडे कधीच उत्तर नसे. बहिणीने एकदा लिहून पाठवले : बँकेचे आणि विम्याचे सगळे काम तुझे, डॉक्टरांची वेळ घेणे तुझे, रात्रीच्या मदतनीस बाईंचा पगार तुझा, आणि वर्षातले चार आठवडे तुझे, त्यांच्या तारखा आजच सांग. त्या कागदावर मला ना चिडता आले ना टाळता आले. आईंना अजून समजते आहे तोवर सह्या आणि अधिकारपत्रांची कामे वकिलाला विचारून उरकावीत, हेही सांगावेसे वाटते. आमची ती वेळ निघून गेली होती.

सावली (तीन आठवड्यांनंतर)
सगळ्यांचे वाचले, काही उत्तरे दोनदा वाचली. काय घडले ते सांगते.

भाऊ सहा दिवस राहून गेला. मी त्याला आठ पानी टिपण दिले, कडी, गोळ्या, पाकिटाची जागा, सगळे कारणांसह. मग मैत्रिणीकडे तीन रात्री राहिले. पहिल्या रात्री सवयीने तीन वेळा उठले, दुसऱ्या रात्री दहा तास झोपले. परत आले तेव्हा तो काही बोलला नाही. स्वयंपाकघरातल्या वहीत त्याच्या अक्षरात लिहिलेले होते : "२.४०. दारापाशी. मी कोण ते विचारले. नाव सांगितले. म्हणाली, माझ्या मुलाचं नाव तेच आहे." पुढची ओळ रिकामी होती.

मनगटाचेही मी त्याला सांगितले. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला की आंघोळीच्या वेळी त्यानेही तिचा दंड जोरात धरला होता.

सगळे मिटले आहे असे नाही. तिला देखभाल केंद्रात ठेवावे असे आता त्याचे म्हणणे आहे, आणि माझी अजून तयारी नाही. त्यावरून आमचे कडाक्याचे बोलणे झाले. रात्रीसाठी आठवड्यातून तीन दिवस एक बाई येऊ लागल्या आहेत, त्यांचा खर्च तो करतो. औषध सकाळी द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली. चार वाजता आम्ही दोघी मिळून घड्या घालतो. गाठोडे अजून बांधले जाते, पण आता पुष्कळदा ते पलंगावरच राहते.

गेल्या रविवारी फोनवर आई नेहमीसारखीच छान बोलली. ठेवायच्या आधी भाऊ मला म्हणाला, "बंद करू नकोस, तसाच टेबलावर ठेव." आईने विचारले, "कोण होतं?" तो पलीकडे ऐकत होता.

अर्धविराम
हे लिहिल्याबद्दल आभार. वहीत किती रकाने आखले आहेत ते सांगाल का? माझ्या नणंदेसाठी हवे आहे, तिच्या सासऱ्यांचे नुकतेच निदान झाले.

सावली
मी पाच आखले होते : तारीख, वेळ, काय झाले, किती वेळ चालले, कशाने निवळले. भावाने जाताना पट्टी घेऊन सहावा आखला. त्यात घरातले कोण किती तास झोपले ते लिहायचे.